स्पीकर बदलण्याआधी खोलीकडे बघा

स्पीकर घरी आणले, जोडले, ओळखीचं गाणं लावलं आणि काहीतरी बिनसलं. डग्गा नुसता घुमतोय, गाणाऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतोय, थोड्याच वेळात कान दमतात. अशा वेळी पहिला संशय स्पीकरवर जातो, दुसरा ॲम्प्लिफायरवर, तिसरा वायरींवर. खोलीवर सहसा कुणाचा जात नाही. पण साध्या घरगुती खोलीत स्पीकरपासून दोन-अडीच मीटरवर बसलं, की कानाशी येणाऱ्या आवाजात थेट स्पीकरमधून आलेला भाग कमी आणि भिंती, छत, फरशी यांवर आपटून आलेला भाग जास्त असतो. म्हणजे खोली हाही सिस्टीमचाच एक भाग झाला, आणि बहुतेक घरांत सगळ्यांत दुबळा भाग तोच.

पुढच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा लावलाय: आधी फुकटात होणारं, मग थोडी मेहनत लागणारं, आणि सामान विकत घेणं शेवटी. क्रम मोडून थेट आवाज शोषणारी पॅनेल मागवू नका. स्पीकर चुकीच्या जागी असतील, तर भिंतभर पॅनेल लावूनही फार फरक पडणार नाही.

आधी एक गल्लत दूर करू

खोलीतला आवाज चांगला करणं आणि खोलीतला आवाज बाहेर जाऊ न देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी मऊ, सच्छिद्र, जाड सामान लागतं. दुसऱ्यासाठी वजन लागतं: जाड भिंत, दोन भिंतींमध्ये पोकळी, दाराखालची आणि खिडकीच्या चौकटीभोवतीची प्रत्येक फट बंद. भिंतीला फोम चिकटवल्याने शेजाऱ्यांची तक्रार थांबत नाही, कारण फोममधून हवा जाते आणि हवेबरोबर आवाजही जातो. हा लेख पहिल्या कामाबद्दल आहे. दुसरं काम म्हणजे बऱ्याच वेळा बांधकामच असतं, ते इथे नको.

पायरी १: टेप घ्या, खोली मोजा

लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये लिहून काढा. हवेत आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो. ३४३ ला लांबीच्या दुपटीने भागलं, की त्या दिशेने खोली ज्या सुरावर सगळ्यांत आधी घुमते त्याची वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. असंच रुंदी आणि उंचीचं करा.

समजा खोली ४.२ मीटर लांब, ३.३ रुंद आणि २.९ उंच आहे. लांबीचा आकडा येतो ४१ हर्ट्झ, रुंदीचा ५२, उंचीचा ५९. यांच्या पटींवरही खोली घुमते: ८२, १०४, ११८ आणि पुढे. झोक्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिलं की तो जसा उंच उंच जातो, तसं या वारंवारतांवर होतं. स्पीकरने थोडीच ऊर्जा दिली तरी खोली ती साठवते आणि सूर संपल्यावरही सोडत नाही. डग्ग्याची थाप संपली तरी घुमणं मागे रेंगाळतं, ते यामुळे.

हे तीन आकडे कागदावर ठेवा, पुढे लागतील. दोन आकडे अगदी सारखे आले (चौरस खोली) किंवा एक दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट आला (लांबी उंचीच्या दुप्पट), तर घुमणं एकाच जागी साठतं आणि काम अवघड होतं. घरात दुसरी खोली मिळण्यासारखी असेल, तर तिचा विचार आत्ताच करा.

मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने एक उपयोगी सीमा सांगितली आहे. खोलीचा निनाद किती सेकंद टिकतो त्याला घनफळाने भागा, वर्गमूळ काढा, २००० ने गुणा. वरच्या खोलीचं घनफळ ४० घनमीटर. निनाद ०.४ सेकंद धरला, तर उत्तर २०० हर्ट्झच्या आसपास येतं. या रेषेच्या खाली खोलीचे सुटे सुटे सूर राज्य करतात. तिथे खुर्ची, स्पीकर आणि कोपरे यांचंच चालतं. रेषेच्या वर आवाज प्रकाशकिरणासारखा भिंतीवरून परततो, आणि तिथे पडदे, पॅनेल, आरसा यांचा उपयोग होतो. नवख्यांचा निम्मा गोंधळ खालच्या रोगावर वरचं औषध लावल्यामुळे होतो.

पायरी २: खुर्ची आणि स्पीकर

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिला एक पैसा लागत नाही. एक सुट्टीचा दिवस, मोजपट्टी आणि कागदी चिकटपट्टीचं एक रीळ पुरे.

आधी खुर्ची. घुमण्याच्या प्रत्येक सुराचा दाब भिंतीशी सर्वांत जास्त असतो, तर पहिल्या सुराचा दाब खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य होतो. म्हणून सोफा मागच्या भिंतीला टेकवला की बेस, म्हणजे खालच्या पट्टीतले सूर, फुगतो, आणि खोलीच्या मधोमध बसलं की आपल्या उदाहरणातला ४१ हर्ट्झचा सूर गायब होतो. स्पीकर तेच, गाणं तेच, खुर्ची दोन मीटर पुढेमागे. सुरुवातीला मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर डोकं येईल असं बसा. ४.२ मीटरच्या खोलीत हे अंतर १.६ मीटर येतं. हा आकडा म्हणजे पाळायचाच नियम नव्हे, शोध सुरू करायची जागा आहे. तिथून पुढेमागे वीत-वीत सरकत बेसची एखादी संथ, ठळक चाल ऐका. सगळे सूर सारख्याच जोराचे वाटतात ती जागा तुमची. एखादा सूर उसळून येत असेल किंवा बुडत असेल, तर आणखी सरका.

आता स्पीकर. शक्यतो ते लांबीच्या दिशेने तोंड करून ठेवा, म्हणजे मागे मोकळी जागा मिळते. डाव्या स्पीकरपासून डावी भिंत आणि उजव्यापासून उजवी भिंत सारख्या अंतरावर हवी. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडा दरवाजा असेल, तर गाणारा मध्यभागी न येता एकीकडे सरकतो. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं मिळून समभुज त्रिकोण झाला की सुरुवात चांगली. ट्वीटर (स्पीकरमधला वरचे सूर देणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला. बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंटिमीटरवर असतात, पण अंदाज करू नका, बसून कुणाकडून तरी मोजून घ्या. लहान स्पीकर टेबलावर ठेवायचे असतील, तर पुढच्या कडेला आणा, नाहीतर टेबलाच्या पृष्ठभागावरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो.

स्पीकरमागच्या भिंतीचं अंतर हा खरा खेळ आहे. बेसचा आवाज सगळीकडे पसरतो. मागे गेलेला भाग भिंतीवरून परत येतो आणि एका ठरावीक वारंवारतेला तो पुढे जाणाऱ्या आवाजाच्या बरोबर उलट पडून दोघे एकमेकांना खातात. ही वारंवारता काढायची रीत सोपी: ३४३ ला अंतराच्या चौपटीने भागा. वूफरचा (स्पीकरमधल्या बेस देणाऱ्या मोठ्या भागाचा) पुढचा भाग भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर १४३ हर्ट्झला खड्डा पडतो. एक मीटरवर असेल तर ८६ ला. ३० सेंटिमीटरवर २८६ ला.

यातून निघणारं माझं मत असं: एक तर स्पीकर भिंतीला जवळजवळ चिकटवा, नाहीतर मीटरभर पुढे आणा. चिकटवल्यावर खड्डा इतका वर सरकतो की त्या पट्टीत स्पीकर मागे फारसा आवाज फेकतच नाही. बेस मात्र वाढतो, तो नंतर ईक्यूने (इक्वलायझर, म्हणजे ठरावीक सुरांचा जोर कमी-जास्त करायची सोय) कमी करता येतो. मागे बेसचं भोक असलेला स्पीकर असेल, तर भोकासमोर थोडी हवा खेळायला जागा सोडा. मीटरभर पुढे आणल्यावर खड्डा खाली जातो आणि गाण्याला खोलपणा येतो, पण घरातल्यांचा रस्ता अडतो. मधली ४० ते ७० सेंटिमीटरची जागा, जिथे बहुतेक स्पीकर असतात, तीच सर्वांत त्रासाची. मागची आणि बाजूची भिंत सारख्याच अंतरावर ठेवणंही टाळा. खड्डे एकाच जागी पडून खोल होतात.

जागा जमत आली की प्रत्येक स्पीकरच्या कोपऱ्यांशी जमिनीवर चिकटपट्टी लावा आणि त्यावर अंतर लिहा. मग स्पीकर हळूहळू आतल्या बाजूला वळवत एकट्या गायकाचं रेकॉर्डिंग ऐका. आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, एका तोंडातून आल्यासारखा वाटला की थांबा. तो रुंद, पसरट वाटत असेल तर आणखी वळवा. फार टोकदार आणि तिखट झाला तर परत बाहेर.

सबवूफर (फक्त बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) असेल तर उलटी युक्ती करा. सबवूफर तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, बेसची चाल लावा आणि खोलीच्या कडेकडेने रांगत कान जमिनीजवळ ठेवून ऐका. जिथे बेस सर्वांत सरळ आणि स्वच्छ ऐकू येतो तिथे सबवूफर न्या. दिसायला विनोदी आहे, पण चालतं, कारण आवाज देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल केली तरी त्या दोन जागांमधलं खोलीचं वागणं तेच राहतं. कोपऱ्यात सबवूफर सर्वांत जोरात वाजतो. सर्वांत चांगला क्वचितच.

पायरी ३: खडखड शोधा

पॅनेलच्या आधी हे करा, कारण बरेचदा ज्याला आपण स्पीकरची चिरचिर समजतो ती खोलीतल्या वस्तूंची असते. २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एकच सूर सहज मिळतो. तो मध्यम आवाजात लावा. मोठ्या आवाजात नको, सतत वाजणाऱ्या शुद्ध सुराने वूफर लवकर तापतो.

आता सूर चढत असताना खोलीत फिरा. एखाद्या ठिकाणी अचानक झिणझिण सुरू होईल आणि सूर पुढे सरकला की थांबेल. तिथे सूर थांबवून धरा आणि एकेका वस्तूवर तळवा ठेवत जा. हात ठेवताच आवाज बंद झाला की चोर सापडला. नेहमीचे संशयित: खिडकीची सैल काच आणि तिची कडी, कपाटाच्या दाराची मूठ, काचेच्या दाराआडचे पेले, भिंतीवरची फ्रेम, खुंटीला अडकवलेल्या किल्ल्या, स्विचबोर्डची पट्टी, पंख्याची छताजवळची वाटी, दिव्याचं आच्छादन, पडद्याच्या दांड्यावरची कडी. दोन वस्तू एकाच सुरावर वाजत असतील, तर एक धरल्यावर दुसरी ऐकू येते, म्हणून एक सापडली की फेरी पुन्हा मारा.

इलाज फुटकळ असतो. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना फेल्टचे ठिपके. काचेच्या कडेला रबरी पट्टी. सैल स्क्रू घट्ट. दाराच्या चौकटीला फोमची चिकटपट्टी. हे काम इतकं साधं आहे की लोक ते सोडून देतात, आणि मग स्पीकरच्या खाली महागडे पाय लावूनही तीच झिणझिण ऐकतात.

पायरी ४: टाळी आणि आरसा

खोलीत ठिकठिकाणी उभं राहून एक कडक टाळी वाजवा. दोन उघड्या, समोरासमोरच्या भिंतींमध्ये उभे असाल तर टाळीनंतर ‘ट्र्र्र’ असा धातूसारखा थरकाप ऐकू येईल. आवाज दोन भिंतींमध्ये मागेपुढे उड्या मारतोय. यासाठी दोन्हीपैकी एकाच भिंतीचा उपाय केला तरी पुरतो: जाड पडदा, भरलेलं पुस्तकांचं कपाट, पॅनेल. टाळी फक्त मधल्या आणि वरच्या सुरांबद्दल सांगते, हे विसरू नका. टाळी छान वाजली म्हणून बेस छान आहे असं होत नाही.

आता आरसा. तुम्ही खुर्चीत बसा, कुणाला तरी छोटा आरसा बाजूच्या भिंतीवर कानाच्या उंचीला सपाट धरून पुढे सरकत जायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे पेन्सिलने खूण करा. त्याच भिंतीवर दुसरा स्पीकरही पुढे कुठेतरी दिसेल, तिथेही खूण. मग दुसरी भिंत, जमलं तर छत. स्पीकरचा आवाज पहिल्यांदा आपटून तुमच्याकडे येतो तो नेमका इथून. बाजूच्या भिंतीचं पहिलं परावर्तन थेट आवाजापेक्षा काही मिलिसेकंदच उशिरा येतं. कान त्याला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ओळखत नाही, मूळ आवाजातच मिसळून घेतो. म्हणून ‘प्रतिध्वनी तर येत नाही’ या समाधानात राहू नका. त्या मिसळण्याने वाद्यांची जागा धूसर होते आणि आवाजाचा पोत बदलतो.

इथे तज्ज्ञांमध्येही दोन तट आहेत. काहींना बाजूचं परावर्तन आवडतं, कारण त्याने गाणं रुंद आणि भरलेलं वाटतं. म्हणून पॅनेल ठोकण्याआधी दोन्ही खुणांशी गादी किंवा दुहेरी रजई उभी करून दोन-तीन दिवस ऐका. फरक आवडला तर पुढे चला.

पायरी ५: शोषक पॅनेल, आणि जाडीचा हिशेब

भिंतीला टेकलेल्या हवेच्या कणांना हलायला जागाच नसते. सच्छिद्र सामान आवाज शोषतं ते हलणाऱ्या हवेला घर्षण देऊन, आणि हवा सर्वांत जास्त हलते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, तिचा पाव भाग साडेआठ. १०० हर्ट्झची ३.४३ मीटर, पाव भाग ८६ सेंटिमीटर. एवढं कळलं की अर्ध्या जाहिराती आपोआप बाद होतात. अडीच सेंटिमीटरचा खाचाखाचांचा फोम भिंतीला चिकटवला तर १००० हर्ट्झच्या खाली त्याचा प्रभाव झपाट्याने ओसरतो. सगळ्या भिंती अशा फोमने मढवलेल्या खोलीत वरचे सूर मरतात आणि बेस पहिल्याइतकाच घुमत राहतो. बोलतानाही कानांना दडे बसल्यासारखं वाटतं. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको: पातळ पुठ्ठा, शोषण नगण्य, वर आग पकडायला उत्तम.

घरी पॅनेल बनवणं अवघड नाही. १२० बाय ६० सेंटिमीटरची लाकडी चौकट करा, आत १० सेंटिमीटर जाडीची रॉकवूल किंवा ग्लासवूलची (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची) पाटी बसवा आणि वर कापड ताणून स्टेपल करा. कापड तोंडाला लावून फुंकून बघा. फुंकर आरपार गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन किंवा प्लास्टिकसारखं बंद कापड नको. पाटी कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि चष्मा घाला. तंतू कातडीला खाजतात आणि श्वासात जाता कामा नयेत. कापडाच्या आत पातळ नॉन-वोव्हन अस्तर लावलं तर तंतू बाहेर पडत नाहीत.

पॅनेल भिंतीला चिकटवू नका. मागे जमेल तेवढी, निदान १० सेंटिमीटर, पोकळी ठेवा. तेवढ्याच सामानात पॅनेल आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करतं, कारण ते हलणाऱ्या हवेच्या जवळ जातं. पडद्यालाही हेच लागू: जाड कापड, रुंदीच्या दुप्पट, चुण्या पाडून, भिंतीपासून हातभर दूर. सपाट ताणलेला पातळ पडदा फक्त शोभेला. गालिचा वरच्या सुरांपुरता उपयोगी, तुमच्या आणि स्पीकरच्या मधल्या जमिनीवर तो हवाच, पण बेससाठी त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

किती पॅनेल लावायची, याचा अंदाज वॉलेस सॅबाइन यांच्या सूत्रावरून येतो. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने या तरुण प्राध्यापकाला एका नव्या व्याख्यानगृहाचा घुमारा कमी करायला सांगितला. रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून ठेवायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजायचा आणि सकाळी गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असं काम त्यांनी केलं. त्यातून निघालं: निनादाचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. ४० घनमीटरच्या खोलीत ०.४ सेकंद हवे असतील, तर साधारण १६ चौरस मीटर एवढं पूर्ण शोषण लागतं. सोफा, गादी, गालिचा, पडदे आणि माणसं यातला मोठा वाटा उचलतात. उरलेल्यासाठी सहा-आठ पॅनेल सहसा पुरतात. लहान खोलीत खालच्या सुरांना हे सूत्र काटेकोर लागू पडत नाही, पण ऐकायच्या खोलीत ०.३ ते ०.५ सेकंदांच्या मध्ये राहायचं, एवढी दिशा त्यातून मिळते. त्याहून खाली गेलात तर खोली निर्जीव होते.

डोक्याच्या मागे भिंत जवळ असेल, तर सर्वांत जाड पॅनेल तिथे लावा. आवाज विखुरणारे लाकडी ठोकळे, म्हणजे डिफ्यूजर, दिसायला देखणे असतात, पण ते नीट काम करायला त्यांच्यापासून दूर बसावं लागतं. लहान खोलीत त्यांची घाई नको. वेगवेगळ्या जाडीची पुस्तकं पुढेमागे लावलेलं कपाट थोडंफार तेच काम करतं.

पायरी ६: कोपरे

खोलीचे सगळे घुमणारे सूर कोपऱ्यांत जमा होतात, म्हणून बेसचं शोषण तिथे ठेवणं सर्वांत फायद्याचं. दोन भिंतींच्या कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत, तिरकं, निदान १५ ते २० सेंटिमीटर जाडीचं सामान उभं करा. मागे तिकोनी पोकळी राहते, तीही कामाला येते. जागा असेल तर तो त्रिकोण पूर्णच भरा. भिंत आणि छत मिळतात तिथलाही कोपरा मोजा, तो कुणाच्या वाटेत येत नाही.

बेससाठी ‘जास्त झालं’ असं लहान खोलीत सहसा होत नाही, जे फोमबाबत सहज होतं. पण ४० हर्ट्झचा एकच हट्टी सूर कोपरे भरूनही पूर्ण मिटत नाही. त्यासाठी पातळ पत्र्याचे किंवा प्लायवूडचे, ठरावीक सुराला जुळवलेले बंद डबे असतात. ते बनवायला अचूक हिशेब लागतो, नवख्याने तिथून सुरुवात करू नये. खुर्ची हलवणं आणि ईक्यू हे आधी.

पायरी ७: कंपन

या विषयावर जेवढं सामान विकलं जातं तेवढी त्याची गरज नसते. तरी तीन जागी ते खरंच महत्त्वाचं आहे: टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र), सबवूफर आणि लाकडी किंवा पोकळ जमिनीवरचे स्पीकर.

लोखंडी टोकदार खिळे कंपन अडवतात, हा समज खोटा आहे. खिळे स्पीकरला जमिनीशी घट्ट जोडतात. जाड काँक्रीटच्या जमिनीवर, गालिच्यातून आरपार जाऊन स्पीकर डुलू नये म्हणून ते ठीक. लाकडी जमिनीवर मात्र तेच खिळे जमिनीला वाजवायला लावतात.

कंपन तोडायचं असेल तर वस्तू लवचिक आधारावर तरंगायला हवी. वस्तूचं वजन आणि आधाराचा मऊपणा यांवरून त्या जोडीची स्वतःची वारंवारता ठरते. तिच्या १.४१ पटीच्या वर गेल्यावरच कंपन कमी व्हायला लागतं. त्याच्या खाली ते जसंच्या तसं जातं, आणि त्या वारंवारतेजवळ उलट वाढतं. ही वारंवारता मोजायला साधी फुटपट्टी चालते: वजन ठेवल्यावर आधार किती दबला ते मिलिमीटरमध्ये बघा. १ मिलिमीटर दबला तर साधारण १६ हर्ट्झ, अडीच मिलिमीटरला १०, ४ मिलिमीटरला ८, १० मिलिमीटरला ५. रबर प्रत्यक्षात या हिशेबाहून थोडं कडकच वागतं. म्हणजे स्पीकर ठेवल्यावरही जो रबरी पाय तसूभर दबत नाही तो ऐकू येणाऱ्या बेसचं फारसं काही अडवत नाही. पाय घेताना त्यावर किती किलो वजनासाठी आहे ते बघा, स्पीकरच्या वजनाला पायांच्या संख्येने भागून जुळवा. कमी वजनाखाली ते कडक राहतात, जास्त वजनाखाली पार चेपतात. उंच, सडपातळ स्पीकर मऊ आधारावर ठेवाल तर आधी धक्का देऊन बघा. घरात लहान मूल असेल तर डुलणारा स्पीकर नकोच.

सबवूफरखाली जड फरशी किंवा जाड प्लायवूड आणि त्याखाली मऊ पॅड लावल्याने जमिनीतून जाणारा दणका कमी होतो, कपाटातली भांडी वाजायची थांबतात. खालच्या मजल्यावर हवेतून जाणारा बेस मात्र तसाच जातो. तिथे आवाज कमी करण्यावाचून गत्यंतर नाही.

टर्नटेबल सर्वांत नाजूक. तिची सुई मायक्रोमीटरमध्ये मोजायच्या हालचाली वाचते, म्हणून पावलांचा दणका आणि स्पीकरचा बेस दोन्ही तिला ऐकू जातात. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला टोकाचा भाग) यांच्या जोडीची स्वतःची वारंवारता ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये असावी असं मानतात, आणि लवचिक जमिनीवरचं चालणं त्याच्या खालच्याच पट्टीत येतं. टर्नटेबलचा आधार निवडताना त्याची वारंवारता ८ ते १२ मध्ये येऊ देऊ नका, ५ च्या खाली बघा. जमीन डुलणारी असेल, तर पक्क्या भिंतीत ठोकलेली फळी सर्वांत उत्तम. काँक्रीट असेल तर जड, न हलणारं टेबल. दोन्हीकडे स्पीकरपासून आणि कोपऱ्यांपासून दूर.

तपासणी अशी करा: मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या तबकडीवर अलगद टेकवा, आवाज नेहमीच्या पातळीला आणा आणि फळीवर बोटाने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून ‘धप्प’ आलं की कंपन पोहोचतंय. मग आवाज अगदी सावकाश वाढवत न्या. कुठे गुरगुर सुरू होऊन आपोआप वाढायला लागली तर लगेच कमी करा. स्पीकरचा आवाज सुईत शिरून परत स्पीकरमधून येतोय, आणि जागा बदलायला हवी.

ॲम्प्लिफायर आणि डीएसीच्या (डिजिटल गाण्याचं विद्युत संकेतात रूपांतर करणारा डबा) खाली खास पाय लावायची गरज मला तरी वाटत नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प मात्र वेगळा, त्यातली नळी टिचकीला वाजू शकते.

पायरी ८: माइक आणि ईक्यू

कानाने इथवर आलात, आता मोजा. ‘रूम ईक्यू विझर्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. यूएसबीने जोडायचा, दुरुस्तीच्या फाइलसह येणारा मापनाचा माइक घ्या. फोनचा माइक खालच्या सुरांना भरवशाचा नाही. माइक स्टँडवर, बरोबर डोक्याच्या जागी. सोफ्यावर ठेवलेला किंवा हातात धरलेला नाही. आधी एकटा डावा स्पीकर, मग एकटा उजवा, मग दोन्ही मोजा.

आलेख पाहून घाबरायचं नाही. खालच्या भागात १५-२० डेसिबलचे चढउतार उपचार न केलेल्या खोलीत नेहमीचेच. आधी फक्त ३०० हर्ट्झच्या खाली बघा आणि पहिल्या पायरीत काढलेले आकडे शेजारी ठेवा. कुठला उंचवटा लांबीचा, कुठला उंचीचा, ते बऱ्याचदा लगेच कळतं. मग धबधब्यासारखा दिसणारा आलेख उघडा. तो सूर थांबल्यावर आवाज किती वेळ रेंगाळतो ते दाखवतो, आणि कोपऱ्यातल्या शोषकांनी काय केलं ते इथेच दिसतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक मापनाला नाव द्या. ‘खुर्ची २० सेंमी पुढे’ असं साधं नाव चालतं.

ईक्यूने उंचवटे कापा, खड्डे भरू नका. खड्डा म्हणजे दोन लहरी एकमेकींना खातायत. तिथे आवाज वाढवला तर दोन्ही लहरी वाढतात आणि खड्डा तसाच राहतो. १० डेसिबल वाढवायला ॲम्पकडून दहापट शक्ती लागते, ती सगळी वाया जाऊन वूफर मात्र दमतो. दुरुस्ती २००-३०० हर्ट्झच्या खालीच ठेवा. वरचा आवाज चांगल्या स्पीकरचा असेल तर खोलीच्या आलेखाकडे बघून तो बदलण्यात शहाणपण नाही.

ही दुरुस्ती एका डोक्यापुरती असते. शेजारी बसणाऱ्याच्या कानाशी उंचवटे वेगळ्या ठिकाणी असतात, आणि तुमच्यासाठी कापलेला सूर त्याच्या जागी मुळात कमीच असू शकतो. घरातले दोघं-तिघं एकत्र ऐकत असतील, तर सोफ्याच्या चार-पाच जागी मापन घ्या, त्यांची सरासरी काढा आणि सगळीकडे दिसणारे उंचवटेच कापा.